दोनदा डावा

मरोळच्या ज्या प्रयोगशाळेत मी औषधांचे नमुने तपासते, तिथला पहिला नियम असा: नमुना नापास झाला की नापास. निकाल आवडला नाही एवढ्यासाठी चाचणी पुन्हा करता येत नाही. पास होईपर्यंत तपासत राहणाऱ्याला आमच्याकडे नोकरीवरून काढतात. दहिसरच्या स्थळाविषयी लिहिण्याआधी हे सांगणे आवश्यक आहे.

मुलगा अभियंता, टॉवरमध्ये घर, मूळ गाव आमच्याच तालुक्यातले. पोहे खाताना त्याच्या वडिलांनी माझ्या कामाचे कौतुक केले; पाहुण्यांच्या लहान मुलीने कविता म्हणून दाखवल्यावर करतात, तसे. मुलाला मी एकच गोष्ट स्वच्छ सांगितली: मला विभागप्रमुख व्हायचे आहे, लग्नानंतरही नोकरी राहील. तो म्हणाला, "झकास. मला चालतं." तो मला आवडला होता, हेही नोंदवते.

पुढे बोरिवलीच्या मॉलमध्ये भेटलो तेव्हा स्वारी खुशीत होती.

"आईबरोबर गावी गेलो होतो. तिने कौल लावला. उजवा आला."

कौल आमच्याकडेही लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याला मी हसले नसते.

"पहिल्यांदाच उजवा?" मी सवयीने विचारले.

"नाही गं. आधी दोनदा डावा आला. मग गुरव म्हणाला, पाकळी नीट चिकटली नव्हती. बदलून लावली."

"उजवा आल्यावर तपासली का, नीट चिकटली होती ते?"

"तू पण ना यार. इथे लॅब नको आणूस."

"प्रश्न काय घातला होता?"

तो कॉफी ढवळत राहिला. "हेच. मुलगी नोकरी सोडून घरात रमेल का."

म्हणजे माझ्याविषयीचा प्रश्न मला सोडून थेट देवाला विचारला गेला होता. त्या गाभाऱ्यात माझी बाजू घेणारा एकटा देवच होता. तो दोनदा खरे बोलला, आणि त्यालाही या मंडळींनी आपल्या सोयीच्या उत्तरावर आणून सोडले.

"आणि तू चालतं म्हणालास ते?"

"मला चालतंच गं. पण आईशी कोण भांडणार? वाटलं, देवच काय ते सांगेल."

इतका सुशिक्षित भित्रेपणा मी त्याआधी पाहिला नव्हता. आईला एक वाक्य सांगण्याची धमक नाही म्हणून या माणसाने ते काम देवावर सोपवले; आणि देवाने ते चोख केल्यावर हा पाकळ्या बदलताना गप्प राहिला. मी पर्स उचलली आणि नकार त्याला तिथेच सांगितला.

घरी पोचेपर्यंत त्याच्या आईचा फोन येऊन गेला होता. माझी आई दारातच म्हणाली, "देवाचा शब्द मोडणार तू?"

"त्याचे पहिले दोन त्यांनीच मोडले, आई. दोनदा डावा आला होता."

आई खुर्चीत बसली. माझ्या नोकरीसाठी तिने कधी कुणाशी वाद घातला नव्हता, तेव्हाही घालणार नव्हती. पण तिचा चेहरा बदलला.

"दोनदा नको म्हणाला तरी परत लावला? आणि हे गावचे मानकरी म्हणे."

तिने फोन जवळ ओढला. "आमच्याकडून नाही," एवढेच ती त्या बाईंना म्हणाली. कारण विचारल्यावर म्हणाली, "तुमच्या गुरवाला विचारा."