गुरुजींच्या गाडीतल्या जुन्या प्लेटा

हे मी आजवर कोणाजवळ उघडलं नाही. बायकोजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा स्वतःजवळसुद्धा नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही — म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतं. पण सुरुवात कुठून करू?

गाडीपासून करतो. माणसांपासून केली तर मी पुन्हा थांबेन.

बालाघाटात बसस्टँडच्या मागं माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तेव्हा नवंच होतं. अख्ख्या गावात मोटारसायकली हातावर मोजण्याइतक्या, त्याही जुन्या, कोणा साहेबानं बदली झाल्यावर विकून टाकलेल्या. मेश्राम गुरुजींची साडेतीनशे सीसीची गाडी तशीच. लांजी रस्त्यावरच्या एका खेड्यात ते शाळेवर होते. आमच्याच समाजाचे. दीक्षेच्या वेळी नागपूरला आम्ही बरोबर गेलो होतो, एका फडक्यातली भाकर खाल्ली होती. हे सांगायला नको होतं. पण सगळंच सांगायचं म्हटलं तर — हेही आलंच.

त्यांच्या गाडीचा क्लच घसरत होता. क्लचमध्ये चकत्या असतात, एकीवर एक रचलेल्या. आम्ही प्लेटा म्हणतो. जुन्या गाड्यांत त्या प्लेटांना बुचाचे तुकडे बसवलेले असायचे. बुच झिजलं की प्लेटा एकमेकींना धरत नाहीत. इंजिन नुसतं ओरडतं, चाकाला जोर मिळत नाही. सपाट रस्त्यावर एकट्या माणसाला ते कळतही नाही. ओझं असलं, चढाव आला, की कळतं.

नवा संच गुरुजींनी स्वतः नागपूरहून आणला. कागदात गुंडाळलेला, वरून सुतळी. माझ्या हातात देऊन म्हणाले, "घाई करू नको. परवा येतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलाचे एक ठेकेदार आले. त्यांची गाडी त्याच बनावटीची, आणि दुखणंही तेच. "शाम को बैहर निकलना है," म्हणाले. मी म्हटलं, सामान नागपूरहून मागवावं लागेल. त्यांची नजर फळीवर गेली. "ये क्या रखा है?"

ते दुसऱ्याचं आहे — एवढंच बोलायचं होतं. ते काय करणार होते? मारणार होते? त्यांनी धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. खुर्ची ओढून बसले फक्त. आणि मी सुतळी सोडली.

का? पुष्कळदा विचारलं आहे मी स्वतःला. ठेकेदार मोठा माणूस, तो रागावला तर परवडणार नाही; गुरुजी आपलेच, ते समजून घेतील. समजून घेतील म्हणे — पण मी त्यांना कळू दिलं कुठं? आपल्या माणसाच्या ताटातलं उचलायला हात कसा पटकन जातो!

मग गुरुजींच्या जुन्याच प्लेटा मी पेट्रोलनं धुतल्या, पॉलिशपेपरनं खरबरीत केल्या, स्प्रिंगांखाली एकेक वायसर टाकून दाब वाढवला आणि परत बसवल्या. अशी गाडी चार दिवस नव्यासारखी चालते. मी नागपूरहून मागवलेला नवा संच आठवड्यात येणार होता. काही तरी निमित्त काढून गाडी बोलवायची आणि गुपचूप बदलून द्यायचा, असं माझं ठरलं होतं.

गुरुजी आले. हँडलवरचा क्लचचा लिव्हर दाबून पाहिला. "जड लागते रे मले."

"नवीन हाय नं गुरुजी. बसून जाईन."

ते हसले, गाडीवर बसले आणि गेले.

पाचव्या दिवशी त्यांच्या बायकोला भाताचं रोवणं चाललेल्या बांधीत साप चावला. शेवंताबाई. त्यांनी मला कैकदा जेवू घातलं होतं. गुरुजींनी त्यांना गाडीवर मध्ये बसवलं, मागं त्यांचा भाऊ वामन, बहिणीला धरून. बालाघाटच्या दवाखान्यापर्यंत पंधरा मैल. पाच-सहा मैल गाडी बरी आली. मग नाला लागला. नाल्यात उतरली, पाण्यातून निघाली, आणि पलीकडच्या चढावावर — इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी जागची हलेना.

दोघांनी ढकलून वर काढली. तेवढ्यात प्लेटा पार जळाल्या होत्या. वामन बैलगाडी शोधायला पळाला. ती मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार कलली. शेवंताबाई रस्त्यातच गेल्या.

नवा संच त्याच्या दुसऱ्याच दिवशी आला.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. हा तर आहेच. पण मी ज्याच्यासाठी लिहायला बसलो तो पुढं आहे.

दिवस झाल्यावर गुरुजी गाडी घेऊन आले. एका बैलगाडीवर आडवी टाकून आणली होती. दाढी वाढलेली. म्हणाले, "उघड. मले पाहायचं हाय." मी त्यांच्यासमोर कव्हर काढलं. स्प्रिंगा सोडल्या. वायसर माझ्या हातात आले आणि मी मूठ मिटली. प्लेटांवर बुच म्हणून काही उरलं नव्हतं, काळी राख. गुरुजी वाकून बघत होते.

"नवीनच होत्या नं? मंग जळल्या काहून? माझं काही चुकलं का बाबू?"

कशी वाट करून दिली होती त्यांनी मला! नवा संच पडला होता त्या फळीकडं मी पाहिलं नाही. म्हणालो, "चढावावर तुम्ही अर्धा क्लच दाबून धरला असंन, गुरुजी. तसं केलं तं नवीन बी जळते."

ते आपल्या डाव्या, क्लच दाबायच्या हाताकडं बघत बसले. मग म्हणाले, "हौ. दाबला असंन. घाबरलो होतो मी."

त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. शाळेत पायी जायचे. कोणी विचारलं तर लपवायचे नाहीत — माझ्या हातानं गेली, म्हणून सांगायचे. वामननं त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि गुरुजींच्या पोरीला, सुमनला, आपल्याकडं तुमसरला नेलं. गुरुजींनी अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवू, मला म्हणाले. मला! माझ्या दुकानात बाकावर बसून, माझ्या हातचा चहा पीत. असे ते चौदा वर्षं येत राहिले. एकदाही सांगावंसं वाटलं नाही का? रोज वाटलं. रोज गप्प बसलो.

गेल्या पावसाळ्याआधी गुरुजी वारले. सुमन आली होती, आता लग्न झालेली. लोक पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"काका, एक विचारू? मामा म्हणते, आई बाबांच्या चुकीनं गेली. बाबा बी तेच म्हणत. मी कधी त्यायच्याजवळ राह्यलीच नाही त्याच्यापायी. तुम्हीच उघडली होती नं गाडी? खरं हाय का हे?"

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला 'नाही' ऐकायचं होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मी म्हणालो, "हौ."

तिनं मान हलवली, खाली पडलेले चहाचे कप गोळा केले आणि आत गेली.