शून्य खर्चाचा माणूस

"आमचा धाकटा इमानवाल्यांच्या, पायलट लोकांच्या ड्यूट्या लावतो," अप्पा बिदरच्या डायलिसिस सेंटरात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते. त्याला मराठी कळेना, तर त्यांनी तेच पुन्हा कन्नडात सांगितलं. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना आमच्या राजेश्वर गावाहून गाडीत घालून आणणारा थोरला, म्हणजे मी, खाटेच्या पायाशी पिशवी धरून उभा होतो. माझी ओळख करून द्यायचं काही त्यांना सुचलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नव्हे.

कमीत कमी खर्चात काम कसं उरकायचं याची गणितं मी कलबुर्गीच्या कॉलेजात शिकलो आणि सुट्टीत घरी येऊन शाळकरी धाकट्याच्या डोक्यात घातली. पुढे मी गावात पंपाच्या सामानाचं दुकान टाकलं. तो तेच गणित घेऊन बंगळुरात एका विमानकंपनीत गेला. गुरूची विद्या चेल्याला फळली, आणि गुरू नटबोल्ट मोजत बसला.

यंदा तो महिनाभर घरूनच काम करायला आला. त्याचं काम मी कधी विचारलं नव्हतं, मुद्दामच. एका दुपारी जेवताना विचारलं. प्रत्येक विमानावर माणसं हवीत, म्हणाला. प्रत्येकाची उड्डाणांची साखळी आपल्या गावातून निघून आपल्याच गावी परत यायला हवी, मध्ये विश्रांती हवी, आणि सगळ्यांचा मिळून खर्च कमीत कमी. अशा साखळ्या मोजता येणार नाहीत इतक्या होतात. म्हणून थोड्याच घ्यायच्या, आणि जी नवी साखळी खर्च उतरवेल तेवढीच आत घ्यायची. मला सगळं समजलं. समजलं म्हणूनच जास्त जळलो. न समजतं तर निदान भाकरी तरी गोड लागली असती.

"अप्पांच्या फेऱ्याबी अशाच लावू की," तो म्हणाला. आमची अक्का मादन हिप्परग्याला दिलेली. तिचं नाव, त्याचं, माझं, सगळं त्याने लॅपटॉपमध्ये घातलं. क्षणात उत्तर आलं. पुढच्या सगळ्या फेऱ्या माझ्या नावावर.

"कामून रं?"

"तू इथंच हाइस न्हवं, अण्णा. मला बंगळुराहून यायचा खर्च, अक्काला हिप्परग्याहून. तुझा शून्य धरला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आन दुकान बंद ऱ्हातंय ते? पायलटला इश्रांती लागती, मला न्हाई व्हय?"

"पायलटला नियम हाय."

"मग मलाबी घाल की नियम."

त्याने घातला. खर्च वाढला, असं तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, वाढू दे. आता महिन्यातले दोन गुरुवार त्याचे आले, एक अक्काचा. येत्या गुरुवारी तोच नेणार होता.

गुरुवारी मी ऐटीत दुकान उघडलं. पण मन कुठलं लागतंय. गिऱ्हाइकाने दोन इंचाचा व्हॉल्व्ह मागितला, मी अडीच इंचाचा दिला. सुई टोचताना अप्पा माझं बोट दाबून धरतात, ते आज त्याचं धरत असतील, हेच डोळ्यांपुढे येत होतं. फोन केला, कुणी उचलला नाही.

दिवेलागणीला गाडी आली. अप्पा हसत उतरले. डायलिसिसहून हसत उतरलेले अप्पा मी पाहिले नव्हते.

"बिदरजवळ कोळारच्या कारखान्यांपाशी यानं गाडी बाजूला घेतली," ते म्हणाले. "इमान बघितलं. पार डोक्यावरनं गेलं."

"ती बिदरच्या हवाईदलाच्या पोरांची शिकायची विमानं, अप्पा," मी म्हणालो. "त्यांच्या ड्यूट्या हा लावत न्हाई."

"ठाव हाय मला. त्यानंच सांगितलं." अप्पा चप्पल काढत राहिले. "तू कधी गाडी थांबवली न्हाईस."

खरं होतं. मला दुकान उघडायचं असायचं.

जेवणं झाल्यावर मी धाकट्याला म्हणालो, "सोमवारी मी नेतो. गुरुवारीबी मीच नेतो. सगळ्या फेऱ्या माझ्याच ठेव."

"मग पयलंच उत्तर येतंय की, अण्णा."

"येऊ दे."

त्याला समजलं असावं. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार आहेच. त्याने नियम काढून टाकला.

सोमवारी बिदरला जाताना कोळारपाशी मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. काच खाली करून वर बघितलं. आभाळ मोकळं होतं. मागून ट्रक जात राहिले.

"कामून थांबलास?" अप्पा म्हणाले. "उशीर व्हायलाय."