दोन्ही घरांनी जिंकलेला दावा

“दाव्याचा नंबर?”

“नाही माहीत.”

“साल?”

“नक्की सांगता येणार नाही.”

“वादी कोण?”

“दोन सख्खे भाऊ होते. त्यातल्या कोणी कोणावर दावा लावला, तेही माहीत नाही.”

कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधल्या कदम साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, मग तुम्हाला माहीत काय आहे?”

“दावा झाला होता, एवढं.”

कदम साहेबांनी शिपायाला पंखा मोठा करायला सांगितलं. पंखा आधीच मोठा होता.

मी वकील आहे. वाशीला ऑफिस आहे. पण सिनेमात दिसतात तशी हातवारे करणारी वकील नाही. माझा काळा कोट वर्षाचे बरेच दिवस खुर्चीच्या पाठीवर असतो. माझं काम सर्चचं. जागा विकत घेण्याआधी, बिल्डरला देण्याआधी, तिच्यावर कुठल्या कोर्टात काही भानगड झालेली आहे का, ते शोधायचं. जुने दावे हुडकायचे, त्यांचे हुकूमनामे मिळवायचे. हुकूमनामा म्हणजे कोर्टाने शेवटी काय ठरवलं तो कागद. त्याची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत म्हणजे नक्कल. लोकांना वाटतं आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, वकील उगीच फी घेतात. कॉम्प्युटरवर आहे ते अलीकडचं. आजोबा भांडले असतील तर प्रवास करावा लागतो.

या प्रवासाला मला लावलं प्रणालीने. ती रबाळ्याच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. घर मूळ गावठाणातलं, खाडीच्या अंगाला. आईला घेऊन ऑफिसात आली आणि बसायच्या आत म्हणाली, “मॅडम, मला मांडव पाहिजे.”

“मांडववाला खाली आहे,” मी म्हटलं. खरंच आहे, आमच्याच बिल्डिंगमध्ये.

ती हसली नाही. मग मीही नीट बसले.

समोरासमोर दोन घरं, मध्ये एक अंगण. एका घरात प्रणालीचे वडील बाळाराम, समोरच्या घरात त्यांचे चुलत भाऊ जनार्दन. दोघांचे बाप सख्खे भाऊ. ते दोघे सख्खे भाऊ आता हयात नाहीत. त्या दोन भावांमध्ये अंगणावरून दावा झाला होता. आता प्रणालीचं लग्न ठरलं, मांडववाला बांबू घेऊन आला, आणि जनार्दन काकांनी ते बांबू उचलून रस्त्यावर ठेवले. म्हणाले, कोर्टानं अंगण आमाला दिलेलं हाय. प्रणालीची आई सुनंदाताई पोलीस चौकीत गेल्या. तिथे साहेब म्हणाले, कोर्टाचा कागद आणा, ज्याचा कागद त्याचं अंगण.

“हॉल का नाही घेत?” मी विचारलं. नेरूळला चांगले हॉल आहेत, माझ्या भाचीचं लग्न तिथेच झालं होतं.

“बाबांना पॅरालिसिस झालाय,” प्रणाली म्हणाली. “चारचौघांत उचलून नेलेलं त्यांना चालत नाही. आजारी पडल्यापासून ते कुठल्याच कार्याला गेले नाहीत. त्यांची खाट खिडकीला लागून आहे. दारात मांडव पडला तर मला हळद लागताना त्यांना दिसेल. हॉलमध्ये लागली तर नंतर मोबाईलवर दाखवावी लागेल.”

सुनंदाताई म्हणाल्या, “मॅडम, अंगन आमचाच हाय. आमी जिंकलो. सासऱ्यांनी गावभर पेढे वाटलेले.”

“मग नक्कल कुठे आहे?”

“ती कोनी कारली नाय.”

नक्कल काढली नाही, यात नवल नव्हतं. आपल्याकडे निकाल ऐकायला अख्खं गाव जातं, निकाल वाचायला कोणी जात नाही. मी केस घेतली. खरं सांगायचं तर त्या खिडकीसाठी घेतली.

त्या काळी त्या गावचे दावे बेलापूरला चालत नव्हते. खाडीपलीकडच्या एका लहान तालुक्याच्या कोर्टात चालायचे. म्हणून मी कदम साहेबांसमोर बसले होते. नंबर नसला तर दाव्यांच्या रजिस्टरमध्ये नावावरून शोधता येतं, एवढं मला ठाऊक होतं. मी रजिस्टर मागितलं.

“त्या वर्षांची रजिस्टरं वाळवीने वाचून संपवली,” कदम साहेब म्हणाले. “पण फाइली आहेत. फाइलींना औषध मारलं होतं.”

“मग फाइली बघू.”

“बघा की. आमच्याकडे फाइल निकालाच्या महिन्यावर लागते. ज्या महिन्यात निकाल लागला, त्या महिन्याच्या गठ्ठ्यात. महिना सांगा, गठ्ठा काढून देतो.”

म्हणजे निकाल कधी लागला हे कळलं तर फाइल मिळणार, आणि निकाल कधी लागला हे फाइलमध्ये लिहिलेलं. मी कदम साहेबांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “बरोबर आहे,” आणि डबा उघडला.

परत येऊन मी सुनंदाताईंना फोन केला. पेढे कधी वाटले, ते आठवतं का? त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. लग्न होऊन त्या घरात आल्या त्याच वर्षी. गौरी यायच्या आदल्या दिवशी. त्यांची सासरची पहिली गौर, म्हणून चुकायचा प्रश्नच नाही.

पण आमच्या धंद्यात एका साक्षीदारावर विसंबत नाहीत. दुसरा साक्षीदार एकच होता, आणि तो अंगणाच्या पलीकडे राहत होता.

मी गेले तेव्हा जनार्दन काका ओटीवर बनियनमध्ये बसून नारळ सोलत होते. हातात कोयता होता, पण बसायला खुर्ची दिली. खुर्ची त्यांनी स्वतः उचलून अंगणात त्यांच्या बाजूला ठेवली.

“तुमी त्यांच्या वकील.”

“हो. पण मला तारीख हवी आहे, ती तुम्हीच सांगू शकता.”

“कसली?”

“निकालाची.”

“गौरी येनार त्याच्या आदल्या दिवशी,” काका म्हणाले. “मी जवान होतो. बा कोर्टातून आला तो पेढ्याचा पुडा घेऊन. आमी जिंकलो. सगल्या आळीत वाटले.” मग कोयता खाली ठेवला. “तुमच्या अशिलाला, बाळारामला इचारा, माझ्या पोरीच्या लग्नाला तो काय बोल्ला. मांडव नाय घालू दिला. भांडन नको म्हनून मी हॉल घेतला. पोरगी दारातून निघाली तवा दारात चपला सोडून कायपन नवतं. आज मी कशाला घालू देऊ?”

खिडकी जशी प्रणालीच्या बाजूला होती, तसं दार याही बाजूला होतं. मी नारळपाणी प्यायले आणि निघाले.

तारीख मात्र पक्की झाली. दोन्ही घरांचं इतक्या वर्षांत फक्त एकाच गोष्टीवर एकमत होतं, आणि ती गोष्ट मला हवी होती. जुनं पंचांग बघून महिना काढला, पुन्हा तालुक्याला गेले.

कदम साहेबांनी गठ्ठा काढून दिला. लाल फडक्यात बांधलेला. मी रुमालाने नाक बांधलं आणि एकेक फाइल उलटायला घेतली. बांधाची भांडणं, भाड्याची भांडणं, एक बैल उधार नेऊन परत न दिल्याचं भांडण. हे शेवटचं मी उगीचच पूर्ण वाचलं. दोन भावांची फाइल नव्हती. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. नव्हती.

चहा मागवला. लग्न जवळ येत होतं आणि मांडववाला प्रणालीला रोज फोन करून विचारत होता. मी चहा पीत डोकं चालवत बसले. सुनंदाताई म्हणतात, आम्ही जिंकलो. काका म्हणतात, आम्ही जिंकलो. मला आधी वाटलं होतं, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. पण पेढे दोन्ही घरांनी वाटले होते, आणि एकाच दिवशी. हरलेला माणूस शेजाऱ्याच्या नाकासमोर पेढे वाटत नाही. त्याला तेवढा उत्साह राहत नाही.

कोर्टातून दोन माणसं एकाच वेळी खुशीत बाहेर पडतात, असं एकाच प्रसंगी होतं. भांडत भांडत थकून त्यांनी आपसात मिटवलेलं असतं. त्याला आम्ही तडजोड म्हणतो. दोघं अटी लिहून देतात, कोर्ट त्यावर शिक्का मारतं, आणि त्याच अटींचा हुकूमनामा होतो. त्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही.

“कदम साहेब, तडजोडीच्या फाइली वेगळ्या ठेवता का?”

“ठेवतो ना. तो गठ्ठा त्या कपाटावर.”

“मघाशी सांगायचं ना.”

“मघाशी तुम्ही निकाल म्हणालात. तडजोड म्हणाला असतात तर तिकडे नेलं असतं.”

मी त्यांचे आभार मानले. नकलेचा अर्ज अजून त्यांच्याच टेबलावरून जायचा होता.

तडजोडीच्या गठ्ठ्यात फाइल वरूनच दुसरी होती. अटी वाचताना मी उभीच होते, मग बसले. मग मला हसू आलं, आणि मग फार हसता येईना. तातडीच्या नकलेचा अर्ज केला. कदम साहेबांनी शिक्का मारून नक्कल दिली आणि विचारलं, “काय, जिंकला का तुमचा पक्ष?” मी म्हटलं, “दोन्ही पक्ष.”

नक्कल घेऊन थेट पोलीस चौकीत जाता आलं असतं. प्रणालीला तेवढ्यासाठीच ती हवी होती. पण मी तिला म्हटलं, आधी काकांना वाचायला दे. ती जरा रागावली. मग म्हणाली, “तुमी पन या.”

अंगणातच वाचन झालं. काकांनी खुर्ची पुन्हा त्यांच्याच बाजूला ठेवली. खिडकी उघडी होती आणि आतून बाळारामजी बघत होते. त्यांना बोलायला त्रास होतो, पण ऐकू नीट येतं. काकांनी नक्कल माझ्या हातून घेतली, लांब धरली आणि स्वतः मोठ्याने वाचायला लागले.

अंगण दोन्ही घरांचं सामाईक राहील. कोणीही त्यात भिंत, कुंपण घालणार नाही. इथपर्यंत काकांचा आवाज ठीक होता. पुढची अट अशी होती, की दोन्हीपैकी कोणत्याही घरी लग्न असेल तर मांडव पूर्ण अंगणभर घालावा, दुसऱ्या घराने हरकत घेऊ नये, आणि आपली ओटी पाहुण्यांना बसण्यासाठी मोकळी करून द्यावी.

खाली दोन सह्या. काकांनी त्यांतल्या एकीवर बोट ठेवलं. “ही बाची. ल असाच काढायचा तो.”

“आनि ही माझ्या सासऱ्यांची,” सुनंदाताई म्हणाल्या.

म्हणजे दोघा भावांनी कोर्टात शहाण्यासारखं मिटवलं होतं. पण घरी येऊन ‘मिटवलं’ म्हणायची लाज वाटली. इतकी वर्षं ज्या भावाला शिव्या घातल्या, त्याच्याबरोबर सही करून आलो, हे बायकोला कसं सांगायचं? म्हणून दोघांनी पेढे घेतले आणि दोघे जिंकून आले. नक्कल दोघांनीही काढली नाही. काढली असती तर घरात कोणीतरी वाचली असती. मुलांनी मात्र बापाच्या विजयाचा मान राखला आणि एकमेकांचे मांडव अडवले.

काकांनी ती अट पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग म्हणाले, “म्हंजे माझ्या पोरीचा मांडव पन इथंच पडला असता.”

खिडकीतून काहीतरी आवाज आला. प्रणाली आत गेली आणि थोड्या वेळाने दारात आली. तिचे डोळे भरले होते. “काका, बाबा तुमाला आत बोलवतात.”

काका चपला काढून आत गेले. इतक्या वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच, असं सुनंदाताई म्हणाल्या. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी बाहेरच थांबले. वकिलाने कुठे थांबावं हे अनुभवाने कळतं.

मांडव पडला. उलट जास्तच पडला. मांडववाल्याने काकांच्या भिंतीपासून थोडी जागा सोडली, तर काका त्याच्याशी भांडले. कागदात अंगणभर लिहिलंय, वाचता येत नाय का, असं म्हणाले. ओटी झाडून सतरंज्या घातल्या. मला हळदीचं आमंत्रण होतं, मी गेले. धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, डीजेवाला ती थांबायची वाट बघत कंटाळला होता. हळद लागल्यावर प्रणाली पिवळ्या हातापायांनी उठून खिडकीशी गेली. बाळारामजींनी चांगला असलेला हात गजांतून बाहेर काढला आणि तिच्या गालाला हळद लावली. मला रडू आलं. मी ते धुपाच्या धुरावर ढकललं.

लग्नानंतर काही दिवसांनी जनार्दन काका वाशीला माझ्या ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट घालून.

“मॅडम, अजून एक नक्कल पायजे.”

“कशाला? तुमचं तर मिटलं.”

“पोरीला द्यायची हाय. पुन्याला असते.”

“तिला आता काय उपयोग?”

“उपयोग काय नाय,” काका म्हणाले. “ती बाळारामच्या घरी येत नाय. तिला वाटतं त्यांनीच तिचा मांडव मोडला. तिनं वाचलं पायजे, का कागद कोर्टात पडून होता आनि तिच्या बापाला तो आनायची अक्कल नवती.”

मी अर्ज भरला. त्यात एक रकाना असतो, नक्कल कोणत्या कारणासाठी हवी. मी ‘वैयक्तिक’ लिहिलं. त्याहून जास्त लिहायला तिथे जागा नसते.

तेव्हापासून दावा संपला की मी प्रत्येक अशिलाला सांगते, नक्कल काढा आणि घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचा. सगळे मान हलवतात. मग दारापर्यंत जाऊन परत वळतात आणि विचारतात, “पण मॅडम, जिंकलो ना आपण?”