पावण्यांचं घोंगडं

आष्ट्याच्या वाचनालयाचं सगळं काम गावकरी हौसेनं, फुकट करत. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. त्या वर्षी त्यांनी वाचनालयाचा कारभार बघणाऱ्या पंचांत दोन बाहेरचे घेतले. एक मी, माधवनगरच्या गिरणीतला विणकर. दुसरा पूर्वेच्या दुष्काळी भागातला धनगर. निरोप मिळताच मी सायकल अशी हाणली, की वाटेत दोनदा चेन पडली.

पोचलो तर वाचनालयाची नवी भिंत चढत होती. जुने पंच स्वतः दगड वाहत होते. आम्हा दोघांना मात्र घोंगड्यावर बसवलं. उठायला गेलो की म्हातारे अध्यक्ष ओरडायचे, "आवं पावणं, बसा की!" तिसऱ्यांदा ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. पंच म्हणून बोलावलं, की सोयरीक जुळवायला?

एवढ्यात धनगर उठला. घोंगड्याचा काठ निरखून म्हणाला, "ह्ये तर मीच विणलंय. माझ्याच घोंगड्यावर मी पावणा व्हय?"

सगळे खो खो हसले. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. कमरेवर हात ठेवून आमच्यावर खेकसले, "मग बघताय काय रं नुसतं? उचला दगडं!"

'आवं'चं 'रं' झालं! मी हावरटासारखा सगळ्यात मोठा दगड उचलला. तो पायावरच पडला, तरी मी हसत होतो.