लाल नळाचं पाणी

ऑक्टोबरच्या मध्यावरचा शुक्रवार होता. चार महिन्यांनी पहिल्यांदाच सकाळी बाल्कनीचं दार उघडून चहा घ्यावासा वाटला, म्हणून मी दार उघडून उभी होते. बहरीनमध्ये राहणाऱ्यांना या सकाळचं मोल सांगायला नको. तेवढ्यात फोन वाजला आणि स्क्रीनवर ‘परबदादा’ नाव आलं. मी मनात म्हटलं, आलं बोलावणं... आता कुंड्या घेऊन जा म्हणणार. फोन उचलून मीच आधी बोलले, ‘हो हो, उद्या नक्की येते.’ पलीकडे परबदादा नव्हते. त्यांचे घरमालक होते, सत्तरीचे बहरीनी गृहस्थ, सगळे त्यांना अबू युसुफ म्हणतात. थोडं हिंदी, थोडं अरबी असं ते बोलतात. ते म्हणाले, ‘सिस्टर, परब खलास.’ कांदे संपले, गॅस संपला, सुट्टी संपली, सगळ्याला आम्ही इथे हाच शब्द वापरतो. माणसासाठी तो मी पहिल्यांदा ऐकला आणि मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. अशी बातमी अशी देतात का, असं मी जवळजवळ ओरडलेच. मग लक्षात आलं की पलीकडे ते रडतायत.

आम्ही पोचलो तेव्हा पोलिस आणि अँब्युलन्स दोन्ही येऊन गेले होते. पहाटे झाडांना पाणी घालता घालता परबदादा अंगणाच्या पायरीवर टेकले आणि तसेच गेले. हृदयाचा झटका, असं नंतर कळलं. बादली तिथेच होती, अर्धी भरलेली, आणि तिच्यात तांब्या तरंगत होता. एक थेंब सांडला नव्हता. मला अजून ते पचत नाही. या माणसाने मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये, जहाजांच्या दुरुस्तीत, तीस उन्हाळे काढले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ज्या उन्हात लोखंडाला हात लागला तर फोड येतो, त्या उन्हात काढले. आणि गेले कधी, तर हवा सुटल्यावर, पहिल्या गार सकाळी. याला काय म्हणायचं?

सुरेश परब हे त्यांचं पूर्ण नाव, गाव कुडाळजवळ. बायको सुनंदावहिनी गावी, मुलगा रत्नागिरीला नोकरीला. इथे मनामाच्या जुन्या वस्तीत अबू युसुफच्या घराच्या मागच्या अंगाला त्यांची एक खोली होती आणि खोलीपुढे चांगलं ऐसपैस अंगण. आमची ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. आठ वर्षांपूर्वी मी नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून इथे आले, तेव्हा आईने दिलेली मोगऱ्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. काडी जगली, चांगली फुटली, आणि जुलैमध्ये एका आठवड्यात जळून गेली. पाणी तर मी दिवसातून तीनदा घालत होते. मराठी मंडळींच्या एका जेवणाला मी हे रडगाणं कोणाला तरी सांगत होते. शेजारी टेबलं मांडत असलेला एक काळासावळा, उंच माणूस थांबला आणि त्याने विचारलं, ‘वैनी, पाणी खंयच्या नळाचा घातल्यात?’

मी म्हटलं, बाथरूममधल्या नळाचं, गार पाण्याच्या. ते हसले, पण हळू, मला वाईट वाटू नये इतपत. इथे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते आणि निळ्या खुणेच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. म्हणून सगळे जण मे महिन्यात गीझरचं बटण बंद करतात. गीझर असतो घरात, एसीच्या गारव्यात. त्यात साठलेलं पाणी निवतं, आणि लाल खुणेच्या नळाला गार पाणी येतं. आंघोळीसाठी हे आम्ही पहिल्या आठवड्यातच शिकलो होतो. झाडाला मात्र मी इमानेइतबारे निळ्या नळाचं पाणी घालत होते. म्हणजे झाड वाळलं नव्हतं, मी ते उकडलं होतं! परबदादांनी पुढच्या शुक्रवारी अंगणातल्या एका मोगऱ्याची फांदी कुंडीत लावून आणून दिली आणि म्हणाले, ‘पयलो उन्हाळो काढल्यान की झाड आपला झाला.’ तो उन्हाळा मात्र त्यांच्या अंगणात काढू दे, असंही त्यांनीच सुचवलं.

तिथून ती प्रथा पडली. खरं तर आमच्याआधीच पडली होती. शाळांना सुट्टी लागली की इथली बहुतेक मराठी कुटुंबं महिना-दोन महिने देशात जातात. जाण्याआधी आपापल्या कुंड्या परबदादांकडे पोचवायच्या, हे पासपोर्ट शोधण्याइतकंच ठरलेलं काम होतं. अकरा घरांच्या चाळीसेक कुंड्या. ते प्रत्येक कुंडीला वर्कशॉपमधल्या पत्र्याचा तुकडा तारेने बांधायचे आणि त्यावर रंगाच्या पेनाने नाव आणि पाण्याचं माप लिहायचे. आमच्या कुंडीवर होतं, ‘पेठे, मोगरो, दीड तांब्यो’. अंगणावर हिरवी जाळी, कुंड्यांना भोवती भिजवलेली गोणपाटं, आणि सगळ्या एसींच्या नळ्यांखाली ओळीने डबे. एसीतून ठिबकणारं पाणी गोड असतं, नळाचं खारट, असं ते सांगायचे. पण तेवढ्याने चाळीस कुंड्यांचं भागत नसे, म्हणून उरलेलं सगळं पाणी बादलीने, खोलीतल्या लाल नळावरून. पहाटे साडेचारला एक फेरी, आणि कामावरून आल्यावर दुसरी.

आणि काय फुलायचं ते अंगण! जूनमध्ये मोगरा इतका की अबू युसुफची आई, ती होती तोवर, ओंजळभर कळ्या रोज उशाशी ठेवायची. त्यांच्याकडेही मोगऱ्याचं मोठं कौतुक. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर सगळं करपलेलं असताना इथे सदाफुली आणि कण्हेर, आणि दिवस कलला की गुलबक्षी. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते झेंडूचं बी टाकायचे, दिवाळीच्या हिशोबाने. शेवंती त्यानंतर. दर शुक्रवारी प्रत्येक घराला आपापल्या कुंडीचा फोटो यायचा. पुण्यात माझ्या आईला मी तो फोटो दाखवायचे, खाली लिहिलेलं असायचं, ‘तुमचो मोगरो हसता हा.’ आईला वाटायचं, पोरीने वाळवंटात बाग केली. मी काही तिचा गैरसमज दूर केला नाही.

लाडाकोडाची एवढी झाडं, पण त्यात त्यांची स्वतःची कुंडी एकच. गावाहून आणलेली अबोली.

माणूस हट्टी होता, हेही लिहिलं पाहिजे. पाण्याच्या बाबतीत त्यांचा कोणावर विश्वास नव्हता. एकदा त्यांनी पाच दिवस वर्कशॉपमधल्या ड्रायव्हरवर, साताऱ्याच्या कदमांवर, काम सोपवलं आणि परत आल्यावर दोन कुंड्या गेलेल्या दिसल्या. तेव्हापासून बंदच. कदम म्हणतात, त्या दोन कुंड्यांवरून ते महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आता या वर्षाचं सांगते. ते सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे आणि इतका वेळ दुसरंच लिहीत बसले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी पुण्यात होते. परबदादांचा फोन आला. ते स्वतःहून फोन फारसे करत नसत. इकडचंतिकडचं झालं आणि त्यांनी विचारलं, ‘वैनी, तुम्ही कधी येतल्यात?’ मी म्हटलं, महिनाअखेरीस. मग ते म्हणाले, ‘मगे कुंडये घेवन जातल्यात मां?’ आणि मी, घाईत, आईच्या घरी पाहुणे बसलेले, म्हणाले, ‘अहो, आमची बाल्कनी पश्चिमेची, सप्टेंबरभर नुसती भट्टी असते. ऑक्टोबरपर्यंत राहू देत ना तुमच्याकडेच.’ ते थोडे थांबले. मला वाटलं, आवाज तुटला. मग म्हणाले, ‘बरां. र्‍हवांदेत. घाई नाय.’

परत आल्यावर मी कुंड्या आणायला गेले नाही. खोटं कशाला बोलू, बाकीची दहा घरंही गेली नाहीत. सप्टेंबरच्या मध्यावर चतुर्थी आली. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. परबदादा सकाळीच आले, टोपलीभर जास्वंद, सदाफुली आणि आमच्याच कुंडीतला मोगरा घेऊन. आरतीच्या वेळी त्यांनी फोन लावून गावचा गणपती दाखवला. भावंडं, पुतणे, सगळं घर माणसांनी भरलेलं. मोदक खाताना मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, ‘दादा, तुमची चतुर्थी तर इथेच झाली की!’ ते हसले. दोन मोदक खाल्ले, तिसरा नको म्हणाले. कोकणातला माणूस चतुर्थीला गावी जात नाही, याचं कोडं मला आठ वर्षांत एकदाही पडलं नाही. वर्कशॉपवाले त्या वेळी रजा देत नाहीत, असं त्यांनी कधी तरी सांगितलं होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अकराच्या अकरा घरं अंगणात जमली. मृतदेह गावी पाठवायच्या कागदपत्रांच्या मागे कदम आणि माझा नवरा होते, बाकीचे कुंड्या उचलत होते. अंगण रिकामं व्हायला अर्धा तास लागला. दीड महिना जे कोणाला जमत नव्हतं ते अर्ध्या तासात झालं. प्रत्येकाच्या गाडीत जागा होती, प्रत्येकाच्या घरी जागा होती.

कदम कागदपत्रांच्या कामातून अंगणात आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुमच्या कंपनीने त्यांना निदान एखाद्या चतुर्थीला तरी सोडायचं. कदम माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, ‘वहिनी, त्यांना रजा कोण नाकारणार? मागतील तेव्हा मिळायची. यंदा तर मंजूरसुद्धा झाली होती, बारा दिवसांची. ऑगस्टमध्ये त्यांनीच येऊन रद्द केली.’

मी पायरीवर बसले. ज्या पायरीवर ते बसले होते, त्याच. ऑगस्टमध्ये कधी, हे मी विचारलं नाही.

नंतर सुनंदावहिनींशी फोनवर बोलले तेव्हा त्यांनी काही न विचारता तेच सांगितलं. ‘दरवर्सा म्हणत, झाडां आसत, पाणी कोण घालतलो? यंदा येतंय म्हणान सांगलेले. मगे आठ दिसांनी फोन इलो, यंदा पण जमणा नाय.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझं त्यांच्याशी मनातल्या मनात भांडण चालू आहे. बोलायला काय झालं होतं? ‘वैनी, माका गावाक जावचा आसा, तुमची कुंडी घेवन जावा,’ एवढंच तर वाक्य होतं. मी काही राक्षस नाही, नेली असती. मग मलाच आठवतं की त्यांनी विचारलं होतं, त्यांना जेवढं जमत होतं तेवढं विचारलं होतं. माझा नवरा समजूत घालतो की त्यांना स्वतःलाच झाडं सोडवत नसतील, गावापेक्षा इथेच जीव रमत असेल. असेलही. पण हे मानलं तर माझी सुटका होते, आणि म्हणूनच मला ते मानवत नाही. बादल्या उचलून त्यांना झटका आला, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाही आला, असंही म्हणाले नाहीत.

त्यांची अबोली मी घरी आणली. तिच्या पत्र्यावर नाव नाही, नुसतं ‘एक तांब्यो’ एवढंच आहे. आता डिसेंबर लागतोय. गच्चीवरची टाकी केव्हाच निवली, निळ्या नळालाही चांगलं गार पाणी येतं. दरवर्षी या सुमाराला परबदादांचा सगळ्यांना फोन यायचा, ‘आता गीझर लावा.’ यंदा तो आला नाही आणि आमच्याकडे गीझरचं बटण अजून बंद आहे. माझी मुलगी सकाळी कुडकुडत विचारते, ‘आई, इट्स फ्रीझिंग, व्हेन आर यू टर्निंग इट ऑन?’ मी उद्या म्हणते. पहाटे उठून लाल नळाखाली बादली लावते आणि तिच्यातला एक तांब्या अबोलीला, दीड मोगऱ्याला घालते.

परवा बादली भरत असतानाच सुनंदावहिनींचा फोन आला. महिन्याचं कार्य पार पडलं, मुलगा परत नोकरीवर गेला, असं सांगत होत्या. झाडं कशी आहेत, हेही त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, ‘फुडल्या चतुर्थेक तुम्ही येवा आमच्याकडे. घर भरलेला असता, पण त्यांची जागा रिकामीच र्‍हवता.’

आणि माझ्या तोंडात पहिलं वाक्य आलं ते असं, ‘अहो, पण इथे झाडं आहेत ना...’

ते मी ओठांतच धरलं. पलीकडे वहिनी उत्तराची वाट बघत होत्या. बादली भरून पाणी बाहेर वाहायला लागलं होतं. मी नळ बंद केला आणि म्हटलं, ‘येते.’