परत नेलेली पापलेटं

पनवेलच्या मासळीबाजारातला तो व्यापारी माझा माल बघत नसे, घड्याळ बघत असे. आमच्या बेटाकडे जाणारी शेवटची होडी साडेसहाला सुटते आणि परत नेलेली मासळी तिथे टिकत नाही, हे त्याला पाठ होतं. बेटावर डिझेलचा जनरेटर संध्याकाळी तीन तास चालायचा. तेवढ्यात मासळी काय गार राहणार? म्हणून तो चहा मागवायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, आणि माझ्या पेटीतला बर्फ वितळला की भाव सांगायचा. एका पाटीवर धंदा उभा केलेली बाई मी, पण त्या चहापुढे वर्षानुवर्षं हरले.

मग बेटावर सोलर आलं. त्यावर मासळीचा मोठा फ्रीझर मी भांडून मिळवला. तर गावाच्या बैठकीत माझी मोठी जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या पापलेटांसाठी आमी अंधारात बसायचं काय?" ठराव झाला: ढगाळ दिवशी बॅटरी उतरली की आधी घरं, मग फ्रीझर. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. तीन दिवस आभाळ भरलेलं. व्यापाऱ्याने चहा मागवला.

"मावशी, होडी चुकेल हां तुमची. निम्म्यात देऊन टाका. परत थोडीच नेणार?"

"नेते की!"

मी पेटी रिक्षात चढवली. त्याचा कप हातातच राहिला. ते सुख मला वाटेतल्या गव्हाण गावापर्यंत पुरलं. मग वर बघितलं, आभाळ तसंच भरलेलं. फ्रीझर बंद असेल तर सकाळी सगळी पापलेटं फेकायची आणि पुन्हा त्याच माणसासमोर जाऊन बसायचं. मग तो जन्मभर निम्म्यातच घेणार.

मी कुणाकडे मागत नाही, घासाघीस करते. पण घासाघिशीलाही हातात काहीतरी लागतं. जावेला फोन लावला.

"पेटी परत आणतेय. आज दिवे जरा..."

पुढचे शब्द निघेनात. तिने फोन ठेवला.

होडीत मी पेटीवरच बसले. "वैनी, कोनाशी भांडून आलीस?" नाखव्याने विचारलं. मी त्याच्यावरही खेकसले. वळसा घेतला की वस्तीचे दिवे दिसतात. त्या दिवशी एकही दिसला नाही.

"सोलर बंद पडला वाटतं," तो म्हणाला.

धक्क्यावर उतरून चाचपडत निघाले, तर अंधारात फ्रीझरची घरघर ऐकू आली. त्या खोलीच्या दारात माझी जाऊ पुठ्ठ्याने वारा घेत बसली होती.

"टीवी नाय, पंखा नाय. घरोघरी शिव्या खाल्ल्या मी. आन तुला फोनवर धड बोलता येत नाय काय गो? ठेव आत लवकर, गारवा जातो."

मी पापलेटं ठेवून झाकण लावलं. तिचं बैठकीतलं बोलणं मी विसरलेले नाही, हे तिलाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने चहा मागवला.

"मलापन एक सांगा, शेठ," मी म्हणाले. "घाई नाय."