तरफेचा तास

भूतबित, करणीबिरणी यांच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. विज्ञान शिकवते मी! असे किस्से सांगणाऱ्यांची आजवर यथेच्छ टर उडवली आहे. त्यामुळे आज तुम्ही माझी उडवलीत तरी चालेल... पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका हायस्कुलात मी शिक्षणसेवक होते. तीन वर्षांतलं शेवटचं वर्ष. या वर्षी मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून तुमचा एक पाठ बघणार आणि शेरा लिहिणार. शेरा चांगला असेल तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा.

आठवीच्या दोन तुकड्या एकाच हॉलमध्ये, मध्ये प्लायवुडचं पार्टिशन. पलीकडे अहिरे बाई भूगोल शिकवायच्या, अलीकडे मी विज्ञान. त्या आवाज चढवायच्या म्हणून मी चढवायचे, मी चढवला की त्या आणखी! त्यात सकाळी दहावीचे जादा तास, सुट्टीच्या दिवशी निवडणुकीची कामं. घशाची पार वाट लागली होती.

आणि नेमका पाठाच्या दिवशी सकाळी आवाज गेला. बसला नाही — गेला! तोंड उघडलं की नुसती हवा. अहिरे बाई मूळच्या नामपूरच्या, अहिराणीतच बोलायच्या. त्यांनी ज्येष्ठमध चघळायला दिलं आणि म्हणाल्या, "सरले सांग ना वं, पाठ पुढे ढकला म्हनीसन." पण सरांनी माझ्यासाठी तो आधीच एकदा पुढे ढकलला होता. वर बजावलंही होतं, "आता मात्र नाही हं बाई."

मधली सुट्टी संपली. सर येऊन मागे बसले. मी फळ्यावर तरफ काढली, पोरांकडे वळले आणि ठरवलेली वाक्यं नुसती ओठांनी म्हणत राहिले. आवाज शून्य. माझं मलाच ऐकू येत नव्हतं हो! वाटलं, संपलं... सगळी वर्षं पाण्यात गेली.

पण पोरं ऐकत होती! माना डोलावत होती. मी ओठ हलवून प्रश्न विचारला की हात वर. मध्येच सगळा वर्ग खो खो हसला, सरसुद्धा! मी तर काही विनोद केलाच नव्हता.

घंटा झाली. सर पुढे आले. "वा, बाई! मागच्या बाकापर्यंत खणखणीत. आणि ते हातपंपाला लटकणाऱ्या सासूचं उदाहरण... झकास!"

सासू? हातपंप? मी तर कात्री आणि अडकित्ता तयार करून आणला होता! काही बोलायला गेले, तर पुन्हा नुसती हवा. सर हसले. "बसला ना आता? एवढ्या तारस्वरात शिकवल्यावर बसणारच."

तेवढ्यात पार्टिशनमागून अहिरे बाई आल्या. "माय वं, काय आवाज शे तुना! मना पोरे भूगोल सोडीसन तुनंच ऐकत बसनात. मंग सकायले कसाले नाटक करं?"



शाळा सुटल्यावर तडक नाशिकला घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आरसा घालून तपासलं आणि म्हणाले, "स्वरतंतू इतके सुजलेत की आज तुमच्या तोंडून एक शब्दही निघणं शक्य नाही."

मी कागदावर लिहिलं, 'दुपारी पूर्ण तास शिकवलं.'

त्यांनी वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही नाही शिकवलंत."

खरं तर घाबरायला हवं होतं. पण परत येताना एसटीत मी एकटीच वेड्यासारखी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं... इतका आनंद मला नोकरी कायम झाल्याचं पत्र आलं तेव्हाही झाला नाही. पुढे पोरांना खोदून खोदून विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "बाई, तुमचाच आवाज होता." अजूनही मला त्याचा उलगडा झालेला नाही.

नोकरीभर मी रजेवर गेलेल्यांचे तास घेत आले. माझा तास मात्र एकदाच कुणीतरी घेतला, तोही न सांगता, अगदी जीव ओतून. कोण होतं, माहीत नाही. आमच्या स्टाफरूममधलं नव्हतं, एवढं मात्र छातीठोकपणे सांगते!